ठाण्याहून निलगिरीपर्यंत: गाडीच्या लांब प्रवासात डोंगरवाटांवर धावू पाहणाऱ्यांसाठी

येऊरच्या चढावर किंवा बेलापूरच्या पारसिक टेकडीवर रविवारी सकाळी भेटणाऱ्या धावपटूंपैकी अनेकांच्या मनात कधी ना कधी एक बेत शिजतोच. दोन आठवड्यांची रजा काढावी, गाडी दक्षिणेकडे वळवावी आणि वाटेतल्या प्रत्येक राज्यात एकदा तरी मातीच्या वाटेवर धावावे, असा तो बेत असतो. शहरात दहा किलोमीटर न थांबता धावू शकणाऱ्या कोणालाही तो झेपण्यासारखा आहे. तथापि नवख्यांचे गणित बहुधा दोन ठिकाणी चुकते. सहा तास गाडीत बसून आलेले शरीर आणि घरून उठून उपवन तलावापाशी पोहोचलेले शरीर यांत ते फरक करत नाहीत, आणि नकाशावर दिसणारी प्रत्येक पायवाट सर्वांना खुली आहे असे ते गृहीत धरतात. या लेखातील बहुतेक सूचना याच दोन चुकांभोवती फिरतात, कारण मी स्वतः दोन्ही केलेल्या आहेत.

उदाहरणासाठी एक मार्ग समोर ठेवतो: ठाणे, सातारा, बेळगाव, चिक्कमगळुरू, म्हैसूर, उटी, आणि परतीला मंगळुरू, कारवार व गोव्याचा किनारा. चौदा दिवसांच्या या प्रवासात सहा धावा पुष्कळ झाल्या. रोज धावण्याचा हट्ट सोडून निघणाऱ्यांची दुसऱ्या आठवड्यात दमछाक होत नाही, हे मी सोबतच्या मंडळींकडे पाहून शिकलो.

पहिली पायरी: महिना ठरवणे

आपल्याकडे दसरा झाला की पाऊस संपला असे आपण मानतो आणि दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढतो. या मार्गासाठी मात्र तो हिशेब चुकीचा ठरतो, कारण तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. साताऱ्यात निरभ्र आकाशाखाली धावलेला माणूस आठवड्याने निलगिरीत धुके, पाऊस आणि दरडींच्या बातम्या यांत अडकू शकतो. उलट फेब्रुवारीच्या मध्यानंतर जंगले वाळू लागतात आणि वणव्यांच्या भीतीने डोंगरवाटा बंद केल्या जातात. मार्च २०१८ मध्ये थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर तमिळनाडूतील नियम बरेच कडक झाले. जून ते सप्टेंबरमध्ये सह्याद्री आणि कर्नाटकातला डोंगराळ मलेनाडू दोन्ही हिरवेगार असले, तरी कातळ निसरडा असतो, जळवा लागतात आणि घाटात दृष्टी दहा पावलांपलीकडे जात नाही. नवख्याने तो मोसम पुढच्या वर्षासाठी ठेवावा.

राहतो तो डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी. त्यातही पोंगलच्या आठवड्यात, म्हणजे १४ जानेवारीच्या आगेमागे, उटीत मुक्काम येणार नाही अशी आखणी करावी, कारण त्या दिवसांत तेथे गाडी लावण्यातच सकाळ जाते.

दुसरी पायरी: सराव घराजवळच करणे

प्रवासापूर्वीचे आठ आठवडे सरावासाठी ठेवावेत. ठाणेकरांना येऊर हाताशी आहे. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे, हे विसरून चालत नाही. उजाडल्यावर, दोघा-तिघांनी मिळून आणि मुख्य रस्त्यानेच धावावे. रस्ता सोडून जंगलात शिरणाऱ्या वाटांवर वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये. नवी मुंबईकरांना पारसिक टेकडी आणि खारघरच्या टेकडीवर जाणारा रस्ता आहे. पाम बीच रस्ता लांब अंतराच्या धावेसाठी उपयोगी असला, तरी तो सपाट असल्याने डोंगराची तयारी त्यावर होत नाही.

सरावात दोन गोष्टी मुद्दाम शिकाव्यात. चढावर चालणे हा पराभव नाही, ती डोंगरधावेची रीतच आहे. श्वास इतका फुलला की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नाही, त्या क्षणी चालू लागावे, चढ तीव्र असेल तर हात मांड्यांवर टेकून वर सरकावे आणि सपाटी आली की पुन्हा धावावे. दुसरी गोष्ट उताराची. उतारावर टाच पुढे आपटत लांब ढांगा टाकणारा माणूस गुडघ्यांचे नुकसान करून घेतो. पावले आखूड आणि जलद ठेवावीत, नजर बुटावर नव्हे तर तीन-चार मीटर पुढे ठेवावी, हात तोलासाठी थोडे पसरलेले असावेत. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून त्यांची ठणक त्याच दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवते. लांब प्रवासात याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, मोठा उतार उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी घाटात क्लच दाबताना डावा पाय थरथरतो. ज्या दिवशी मोठी उतरण असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी किंवा मुक्काम करावा.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस आधी माथेरानला एक रंगीत तालीम करावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. ठाण्याहून नेरळमार्गे दस्तुरी नाक्यापर्यंत गाडीने साधारण दोन तास लागतात. त्यापुढे खासगी वाहनांना बंदी आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या त्या पठारावर जांभ्याच्या लाल मातीच्या, झाडांच्या सावलीतल्या वाटा आहेत, ज्या नवख्याच्या पायांना सोसतात आणि तरीही मुळे, दगड आणि वळणे यांची सवय लावतात. घोडे आले की धावणे थांबवून कडेला उभे राहावे, कारण मागून धावत येणाऱ्या माणसाला घोडा बुजतो. या तालमीचा खरा हेतू मात्र गाडीतून उतरल्यावर आपल्या शरीराला मोकळे व्हायला किती वेळ लागतो, हे मोजण्याचा आहे. कोणाची कंबर धरते, कोणाच्या पोटऱ्या, कोणाला पहिली वीस मिनिटे पाय शिशाचे वाटतात. हा आकडा स्वतःपुरता कळला, की पुढची आखणी सोपी जाते.

तिसरी पायरी: किलोमीटर सोडून घड्याळ धरणे

शहरातला धावपटू अंतरात विचार करतो, तर डोंगरात अंतर जवळजवळ निरर्थक असते. १८९२ मध्ये नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला, तो आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि त्यात दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास मिळवावा. समजा वाट सहा किलोमीटरची आहे आणि तीत ४०० मीटरचा चढ आहे. सहा किलोमीटरचे ७२ मिनिटे, चढाचे ४० मिनिटे, म्हणजे एकूण ११२ मिनिटे झाली. हा नियम चालणाऱ्यांसाठी आहे, आपण तर धावणार, असे म्हणून त्यातून वेळ कापू नये. नवखा धावपटू अनोळखी वाटेवर फोटो, पाणी, रस्ता चुकणे आणि शेळ्यांच्या कळपाला वाट देणे यांत तेवढा वेळ घालवतोच.

यावरून सर्वांना एक वेळ सांगून निघावे. मुक्कामाच्या ठिकाणी सोबत्याला किंवा लॉजच्या काउंटरवर, ‘साडेसहाला निघतो, साडेआठला परत येतो, साडेनऊपर्यंत आलो नाही तर फोन करा’ असे स्पष्ट सांगावे आणि निम्मा वेळ सरताच, समोर शिखर दिसत असले तरी, मागे फिरावे. शिखर दिसत असताना मागे फिरणे फार जड जाते. मला ते तिसऱ्या प्रवासात जमले.

प्रवासाच्या दिवसाचा नियम वेगळा. पाच तासांहून अधिक गाडी चालवली असेल, त्या संध्याकाळी धावू नये. वीस-पंचवीस मिनिटे रमतगमत चालावे, कमरेचे आणि पोटऱ्यांचे ताण सोडवावेत, नीट जेवावे आणि धाव दुसऱ्या सकाळी करावी. प्रवासात दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालणे हे चहापुरते नसून दुसऱ्या दिवशीच्या धावेच्या तयारीचाच भाग समजावे.

बेळगावात मी हा नियम मोडला. साताऱ्याहून संध्याकाळी पोहोचलो, अंधार पडायच्या आत चार किलोमीटर उरकावेत म्हणून टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत वेगाने धावू लागलो आणि दहाव्या मिनिटाला पोटरीत गोळा येऊन खाली बसलो. तेथे फिरायला आलेल्या एका आजोबांनी हात देऊन उठवले आणि विचारले, “साताऱ्यास्नं बसून आलासा, आणि लगेच पळाय लागलासा व्हय?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढचे तीन दिवस मी केवळ चाललो.

चौथी पायरी: सामान

सामानाबद्दल थोडक्यात सांगतो. बुटांचे दोन जोड घ्यावेत, एक रस्त्याचा आणि एक खोल खाचांच्या तळव्याचा. नवे बूट प्रवासात प्रथमच घालू नयेत. ओले बूट बंद डिकीत ठेवले तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसवत नाही. त्यांत जुनी वर्तमानपत्रे कोंबून ते मागच्या काचेपाशी उन्हात ठेवावेत. दीड लिटर पाणी मावेल अशी पाठीची पिशवी, शिट्टी, क्रेप बँडेज, डोक्याला बांधायचा दिवा, पातळ वारारोधक जाकीट आणि ओळखपत्राची प्रत एवढे प्रत्येक धावेत जवळ असावे. वाटेचा नकाशा आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवावा, कारण घाटात मोबाइलला रेंज नसते आणि ती नेमकी जेथे नसते तेथेच वाटेला फाटा फुटतो. खाण्यासाठी राजगिऱ्याची चिक्की, खजूर आणि भाजलेले शेंगदाणे पुरतात. तासाहून अधिक धावायचे असेल तर पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी मिसळावी.

पाचवी पायरी: वाट कोणाची आहे, हे आधी विचारणे

मातीची वाट दिसली की तिचा मालक असतोच. तो वनविभाग असेल, मळ्याचा मालक असेल, देवस्थान असेल किंवा गाव असेल. प्रत्येकाची परवानगी मागण्याची रीत निराळी असते. या मार्गावर ती राज्यागणिक कशी बदलते, ते क्रमाने पाहू.

साताऱ्यापासून सुरुवात करावी. ठाण्याहून कळंबोलीला येऊन द्रुतगती मार्गाने पुणे आणि तेथून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सातारा, हा पहिल्या दिवसाचा टप्पा पुरेसा आहे. दुसऱ्या सकाळी अजिंक्यतारा चढावा. गडावर जाणारा रस्ता सातारकरांचा रोजचा फिरायचा रस्ता आहे, त्यामुळे पहाटेही सोबत मिळते आणि चुकण्याची भीती नसते. ज्यांना लांब चढ हवा असेल त्यांनी यवतेश्वरचा घाट घ्यावा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटात होते. तोच रस्ता पुढे कास पठाराकडे जातो. सुमारे १२०० मीटर उंचीवरचे हे पठार पश्चिम घाटाच्या २०१२ मधील जागतिक वारसा नोंदीत समाविष्ट आहे. तेथे फुले ऑगस्टच्या अखेरीपासून येतात, जानेवारीत पठार वाळलेले असते आणि ‘आता काय तुडवायचे आहे’ असे वाटून लोक कातळावर मोकाट धावतात. प्रत्यक्षात त्या कातळावरच्या बोटभर मातीतच पुढच्या पावसाळ्याचे कंद आणि बिया निजलेल्या असतात. धावायचे तर रस्त्याने धावावे.

कर्नाटकात शिरल्यावर बेळगावात एक हलकी धाव करावी, अर्थातच सकाळी. येथे मराठी सर्रास चालते, त्यामुळे भाषा बदलण्याआधीचा हा सोयीचा मुक्काम आहे. पुढे हुबळी, दावणगेरेवरून चिक्कमगळुरू गाठायला पूर्ण दिवस जातो.

चिक्कमगळुरू हा या प्रवासातील सर्वांत समृद्ध आणि नवख्यासाठी सर्वांत फसवा भाग आहे. बाबा बुडन या सूफी संतांनी येमेनमधून सात बिया आणून जेथे कॉफी रुजवली असे सांगतात, तोच हा डोंगर. कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर मुळ्ळयनगिरी, सुमारे १९३० मीटर, याच रांगेत आहे. सर्पदारीपासून त्याच्या धारेवरून वर जाणारी पायवाट मोकळ्या गवताळ उतारावरून जाते. वारा जोराचा असतो, सावली नसते आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी इतकी असते की धावणे शक्य होत नाही. मधल्या वारी आणि उजाडताच जावे, वर जाताना चालावे आणि उतरताना वाट मोकळी असेल तेथेच धावावे.

कॉफीच्या मळ्यांतल्या वाटा पाहून मात्र कोणाचेही पाय शिवशिवतात. सिल्व्हर ओकची सावली, मिरीचे वेल, वळत जाणारी लाल माती, आणि माणूस कोणी नाही! हे सर्व मळे खासगी आहेत. मलनाड अल्ट्रासारख्या स्पर्धा या भागात होतात, त्या मळेमालकांशी बोलून आखलेल्या मार्गांवर. एरवी आपण तेथे परके असतो. पहिल्या खेपेस मी नकाशावरची वाट पाहून थेट आत शिरलो आणि अर्ध्या किलोमीटरवर दोन कुत्री आणि एक रखवालदार यांनी मला मान खाली घालून परत पाठवले. दुसऱ्या खेपेस होमस्टेच्या मालकांना आदल्या रात्री विचारले, तेव्हा त्यांनी स्वतः कागदावर तासाभराची वाट काढून दिली, हत्तींसाठी लावलेली विजेची तार कोठे आहे ते दाखवले आणि कॉफीतोडणी सुरू असलेल्या बाजूला जाऊ नका असे सांगितले. जानेवारीत तोडणीचे दिवस असतात. वाटेवर मजूर, पोती आणि ट्रॅक्टर असतात. म्हणून मुक्कामासाठी शहरातल्या हॉटेलापेक्षा मळ्यातला होमस्टे निवडावा. थोडे अधिक पैसे गेले तरी परवानगी त्यातच मिळते.

येथे एका आजाराचा उल्लेख टाळता येत नाही. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप गोचिडांमुळे पसरतो. डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचे रुग्ण मलेनाडूच्या जिल्ह्यांत आढळतात, आणि आपल्या सिंधुदुर्गातही तो पोहोचला आहे. घाबरून बेत रद्द करण्याचे कारण नाही. पण धावताना पूर्ण लांबीची पँट आणि वर ओढलेले मोजे असावेत, कीटकरोधक मलम लावावे, गवतात बसू नये, परतल्यावर लगेच अंघोळ करून गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेपाशी गोचीड आहे का ते पाहावे. कोठे माकडे मेल्याचे गावकरी सांगत असतील तर तो भाग सरळ वगळावा. परतल्यावर दोन आठवड्यांत जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना या जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगावे. ठाण्यातल्या दवाखान्यात ते कोणी विचारणार नाही.

वनविभागाच्या हद्दीतल्या वाटांसाठी, उदाहरणार्थ कुद्रेमुखच्या शिखरासाठी, ऑनलाइन आरक्षण लागते आणि रोजची संख्या मर्यादित असते. कर्नाटक वनविभागाचे ‘अरण्य विहार’ हे संकेतस्थळ त्यासाठी आहे. प्रवासाच्या तारखा ठरताच ते पाहावे, तेथे पोहोचून नव्हे.

म्हैसूर हा विसाव्याचा मुक्काम समजावा. कुक्करहळ्ळी तलावाभोवतीची चार-पाच किलोमीटरची मातीची वाट सपाट, सावलीची आणि पक्ष्यांनी भरलेली आहे. ज्याने अजून एकदाही मातीवर धावून पाहिलेले नाही, त्यानेही तिच्यावर निर्धास्त जावे. चढ हवा असेल तर चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या आहेत. त्या धावत चढता येतात, पण सकाळी पायऱ्यांना हळदीकुंकू लावत चढणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांच्या मधून पळत जाणे शोभत नाही. पहाटे लवकर चढून मोठ्या नंदीपाशी क्षणभर थांबावे आणि उतरताना चालतच यावे.

म्हैसूरहून उटीकडे जाताना बंदीपूर आणि मुदुमलै हे दोन व्याघ्रप्रकल्प लागतात. बंदीपूरमधून जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीला बंद असतो, ही बंदी २००९ पासून आहे, त्यामुळे ‘पहाटे तीनला निघून सूर्योदयाला उटीत धावू’ हा मुंबईकर हिशेब येथे चालत नाही. जंगलात गाडी थांबवणे, खाली उतरणे, पाय मोकळे करणे हे सारे वर्ज्य आहे; पाय मोकळे करायचे ते गुंडलुपेटला करून घ्यावेत. पुढे मसिनगुडीवरून जाणाऱ्या कल्लट्टी घाटात ३६ तीव्र वळणे आहेत, म्हणून नवख्या चालकाने गुडलूरचा रस्ता धरावा.

तमिळनाडूत शिरण्याआधी दोन गोष्टी हाताशी असाव्या लागतात. मे २०२४ पासून, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, उटी आणि कोडैकानलला जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो. तो ऑनलाइन मिळतो. दुसरे म्हणजे निलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे आणि पाण्याच्या छोट्या बाटल्याही तीत येतात. महाराष्ट्रातून भरून आणलेला बाटल्यांचा खोका नाक्यावरच ठेवावा लागू नये म्हणून स्टीलच्या बाटल्या आणि एक मोठा कॅन बरोबर असावा.

उटी सुमारे २२४० मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो आणि खाडीकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो पहिल्या दोन दिवसांत निश्चित जाणवतो. घड्याळावरचा वेग पाहून हिरमुसण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी केवळ चालावे, दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या वेगाहून दर किलोमीटरला एक-दीड मिनिट हळू धावावे, डोके दुखू लागले तर थांबावे आणि पाणी अधिक प्यावे. जानेवारीत पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो, गवतावर दहिवर गोठलेले असते. हातमोजे नसतील तर बोटे इतकी आखडतात की बुटाची नाडी बांधता येत नाही.

येथील शोला जंगलांत, म्हणजे डोंगरांच्या घळींतल्या सदाहरित रानांत, आपल्या मनाने शिरता येत नाही. तमिळनाडू वनविभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ ही योजना ४० मार्गांसह सुरू केली. उटीजवळचा केर्न हिल आणि कोटगिरीचा लाँगवुड शोला हे त्यातले सोपे मार्ग आहेत. आरक्षण करावे लागते आणि स्थानिक वाटाड्या बरोबर असतो. हे मार्ग धावण्यासाठी नाहीत, हे मला सुरुवातीला खटकले होते. पण वाटाड्याच्या मागे दोन तास चालताना झाडे, ठसे आणि विष्ठा ओळखायला शिकलो, ते धावून कधीच कळले नसते. धावण्यासाठी कोटगिरीच्या बाजूचे चहामळ्यांतले शांत डांबरी रस्ते निवडावेत. तेथे गवा दिसण्याची शक्यता पुष्कळ असते. चहाच्या झुडपांत तो कमरेपर्यंत लपलेला असतो आणि शांत गाईसारखा वाटतो. त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरावे, वाट बदलावी, फोटोसाठी जवळ जाऊ नये.

सहावी पायरी: बिघडले तर

वाट चुकली असे वाटताच थांबावे आणि शेवटची खात्रीची खूण जेथे दिसली होती तेथे परत जावे. ढोरवाटा नेहमी खाली पाण्याकडे जातात आणि माणसाला ओढ्यात नेऊन सोडतात. घोटा मुरगळला तर बूट काढू नये, वरूनच क्रेप बँडेज बांधावे, कारण एकदा काढलेला बूट सुजलेल्या पायात परत जात नाही. साप चावला तर चिरा देणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. तो अवयव हलू न देता शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठावे. आपत्कालीन क्रमांक ११२ देशभर चालतो आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडू या तिन्ही राज्यांत आहे. भाषेची अडचण येते ती येथेच, म्हणून मुक्कामाचे नाव, गाव आणि जवळचा मैलाचा दगड कन्नड किंवा तमिळमध्ये कागदावर लिहून घेऊन तो खिशात ठेवावा. होमस्टेचे लोक हे आनंदाने लिहून देतात.

परतीचा किनारा

उटीहून परतताना म्हैसूर, मडिकेरीवरून मंगळुरूला उतरले की राष्ट्रीय महामार्ग ६६ लागतो, जो थेट पनवेलपर्यंत येतो. या टप्प्यात डोंगराचा मोह टाळून वाळूवर धावावे. कारवारचा किनारा त्यासाठी उत्तम आहे. गोव्यात मुक्काम असेल तर तेथील कोणताही मोकळा किनारा चालेल. ओहोटीची वेळ पाहून, पाणी ओसरलेल्या ओल्या घट्ट वाळूवर धावावे. किनारा समुद्राकडे कललेला असतो, त्यामुळे एकाच दिशेने धावल्यास एका घोट्यावर सतत ताण येतो. जितके जावे तितकेच त्याच रेषेने परत यावे. अनवाणी धावण्याची हौस दहा मिनिटांत आटोपावी, पोटऱ्या त्याहून अधिक सोसत नाहीत.

बुटांचे तळवे प्रत्येक मुक्कामाला ब्रशने घासून धुवावेत आणि शेवटच्या मुक्कामाला तर नक्कीच, कारण खाचांत अडकलेल्या मातीबरोबर घाणेरी, रानमोडीसारख्या तणांचे बी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाते. ठाण्याला पोहोचल्यावर चार दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि पाचव्या दिवशी उपवनभोवती, सर्वांत जुने बूट घालून, हळू धावावे.